इतक्या मार्कात लागेल का?

पर्चा, म्हणजे चौकात वाटायचं पत्रक, लिहिताना पहिल्याच ओळीत सांगायचं असतं की कोण कोणाला लुटतंय. दुसऱ्या ओळीत लुटणाऱ्याचा पत्ता आणि तिसऱ्या ओळीत आपण जमायचं कुठे. मी लिहायला शिकले ती अशी. म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल लिही, पण बाई, लेख लिही, पर्चा नको," तेव्हा मला जरा रागच आला. अनुभव वगैरे रिटायर झालेल्यांनी लिहायचे असतात, असंही ते वर ऐकवून गेले. पण यंदा रिटायर लोकांचे सगळे लेख परदेशातल्या नातवंडांवर आलेत, त्यामुळे माझा नंबर लागला. तर हा लेख. लुटणाऱ्यांचे पत्ते मधूनमधून येतील. सवय जात नाही.

माझं काम सोपं आहे. निकाल लागले की ॲडमिशन संपेपर्यंत मी भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये साहू भैयाच्या हॉटेलाच्या ओसरीत टेबल टाकून बसते. हॉटेल म्हणजे खोल्याबिल्या नाहीत. चहा, समोसा आणि आलूगुंडा. (आलूगुंडा म्हणजे इकडचा बटाटेवडा, फक्त अंगानं दणकट.) आमची विद्यार्थ्यांची छोटी संघटना आहे, तिचं हे टेबल. माझं घर दुर्गचं, तीन पिढ्यांपासून तिथलंच, पोट ट्यूशनवर चालतं. टेबलावर एक म्हातारा लॅपटॉप, गेल्या काही वर्षांत कुठल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याचे कागद, आणि पुढे पाटी: 'ॲडमिशन सहायता, नि:शुल्क'. या 'नि:शुल्क'नं फार घोटाळा होतो. लोक पाटी वाचतात, मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि विचारतात, "फिर इसमें आपका क्या फायदा?" फुकट काही मिळत असेल तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, हे भिलाईच्या माणसाला जन्मतः माहीत असतं. साहू भैयाचा फायदा मात्र सरळ आहे. चिंता करणारा बाप चहा पितो, आणि बाप जितका चिंतेत तितके कप जास्त.

खुर्चीत टेकण्याच्या आधीच प्रश्न येतो, आणि तो एकच असतो. "दीदी, इतने में हो जाएगा?" घरात मराठी बोलणारे असतील तर "ताई, इतक्यात लागते का?" कशात व्हायचंय, कुठे लागायचंय, हे नंतर. आधी मोबाइलवरचे मार्क माझ्या नाकासमोर.

बाहेरच्यांसाठी सांगते, कारण भिलाईबाहेरच्यांना वाटतं की मार्क म्हणजे मार्क. बोर्डाचे मार्क वेगळे, प्रवेश परीक्षेचा स्कोर वेगळा, आणि त्या स्कोरवरून देशभराच्या रांगेत तुम्ही कुठे उभे आहात तो नंबर वेगळा. काही ठिकाणी बोर्डाचे मार्क फक्त दारात दाखवायचे असतात, आत ते कुणी विचारत नाही. पोरगं बारावीत शाळेत पहिलं आलेलं असतं, आईनं गल्लीत पेढे वाटलेले असतात, आणि मी सांगते की हे मार्क बाजूला ठेव, परीक्षेचा स्कोर दाखव. तेव्हा आई माझ्याकडे ज्या नजरेनं बघते, ती मी पर्च्यात उतरवू शकले असते तर क्रांती झाली असती.

दुसरी गोष्ट, 'गेल्या वर्षी इतक्यावर बंद झालं' हा आकडा. लोक तो भिंतीसारखा धरतात. ती भिंत नाही. गेल्या वर्षी त्या कॉलेजात सगळ्यात शेवटी जो घुसला, त्याचा तो स्कोर. यंदा वरच्या पोरांनी दुसरंच काही मागितलं तर आकडा खाली येतो, सगळ्यांनी तेच मागितलं तर वर जातो. म्हणून माझ्याकडे उत्तरं तीनच असतात: 'आरामात', 'काठावर' आणि 'लांब'. 'नाही' मी म्हणत नाही. आणि 'पक्कं' तर कधीच नाही. 'पक्कं' हा शब्द कोचिंगवाल्यांचा आहे, त्यांनाच लखलाभ.

कोचिंगवाल्यांचा विषय निघालाच आहे. आमच्या गावात रिकामी भिंत राहिलेली नाही, प्रत्येक भिंतीवर एक हुशार पोरगं हसत असतं. एका वर्षी एकच पोरगा दोन कोचिंगच्या बोर्डांवर हसत होता, एका चौकात टाय लावून, पुढच्या चौकात टाय न लावता. मी पर्चा काढला: 'एक सिर, दो कोचिंग'. दुसऱ्याच दिवशी एका कोचिंगचा मॅनेजर टेबलावर आला. मला वाटलं, आता नोटीस देणार. तो खुर्ची ओढून बसला आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "मैडम, आपने दोनों को एक जैसा लिख दिया। टाई वाला हमारा है।"

गिऱ्हाइकं (मी यांना गिऱ्हाईकच म्हणते, त्याशिवाय फुकट काम करताना मान राहत नाही) एकेक नमुने. एक गृहस्थ सहावीतल्या पोराला घेऊन आले. मी म्हटलं, अजून सहा वर्षं आहेत. ते म्हणाले, "अंदाजा तो दे दीजिए।" पोरगा बिचारा समोश्याकडे बघत होता. मी अंदाज दिला की हा समोसा खाणार. बरोबर निघाला. एक बाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमधून आल्या, वरच्या मजल्यावरच्या मुलाचे मार्क पाठ करून आल्या होत्या, आणि इतक्यात त्याचं होईल का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "आरामात होईल." बाई अर्धा चहा टाकून उठून गेल्या.

आणि एक पोरगा होता, झकास स्कोरवाला. बाप हात धुवायला गेला तेवढ्यात तो माझ्याकडे वाकला. "दीदी, बोल दो ना कि नहीं होगा।" त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, जागासुद्धा बघून ठेवली होती. मी काही मार्कांबद्दल खोटं बोलत नाही. बाप परत आला, तर म्हटलं, "मार्क्स पूरे हैं अंकल, लड़का पूरा नहीं है। वो जाना ही नहीं चाहता।" बाप माझ्यावर खवळला, मग पोरावर, मग साहू भैयावर की चहात साखर कमी आहे. पोरगा मात्र असा खूश झाला की जणू त्याचं नाव बोर्डावर लागलं.

हसण्याचे दिवस जास्त असतात, पण एक खुपतं ते लिहून टाकते. जे टेबलापर्यंत येतच नाहीत त्यांचं. एक मुलगा गावाकडून सायकल मारत आला, स्कोर उत्तम, माझ्या भाषेत 'आरामात'. कॉलेजांची मागणी भरायची तारीख निघून गेली होती. मी विचारलं, इतके दिवस होतास कुठे? तो म्हणाला, "घर में। लगा, बुलाएँगे।" परीक्षा त्यांनी घेतली, मार्क त्यांनी दिले, तर बोलावतीलही तेच, असं त्याला वाटलं होतं. यात त्या मुलाचं चुकलं काय ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. ज्यांनी सांगायला हवं होतं ते भिंतींवर टायच्या गाठी रंगवत होते.

आता हटवार काकांची गोष्ट. संपादकांनी विचारलं असतं की कुठली एकच लिहिशील, तर हीच.

हटवार काका मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, आता प्लांटमध्ये क्रेन चालवतात. वितळलेल्या पोलादानं भरलेलं भांडं उचलून लोकांच्या डोक्यावरून अलगद पलीकडे न्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. घर भिलाईलगतच्या कुरुदला. पहिल्यांदा आले ते सकाळची शिफ्ट उरकून, पायात सेफ्टी बूट तसेच. मागे मुलगी, प्रांजल.

"मॅडम, हिचे मार्क पाहा अन् पक्कं कोणतं लागते थे सांगा," काका म्हणाले. "पक्कं."

मी मुलीला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"जिऑलॉजी," ती म्हणाली. "दिल्ली में।"

"थे राहू द्या," काका म्हणाले. "पक्कं सांगा."

प्रांजल लहान असताना हटवारांचं बिऱ्हाड अहिवाऱ्याकडे होतं, चुनखडीच्या खाणीजवळ. तिथे ही पोरगी दगड गोळा करायची. बाकीच्या पोरीही करायच्या, पण त्या पाच दगड झेलून खेळायच्या, ही फोडून बघायची. एका दगडात शिंपल्यासारखं काहीतरी दिसलं आणि हिनं बापाला विचारलं, इथे समुद्र होता का? काका म्हणाले, "इथं तर बस बी येत नाही, समुद्र कुठून येईन." पण पोरीच्या डोक्यातून तो समुद्र गेला नाही. दिल्लीच्या एका मोठ्या विद्यापीठात हा विषय मोजक्या कॉलेजांत शिकवतात. तिला तो तिथे जाऊन शिकायचा होता.

मी तिचा स्कोर कागदांशी लावून बघितला. काठावर. एका कॉलेजात जिऑलॉजीचा आकडा गेल्या वर्षी तिच्या किंचित वर बंद झाला होता, आधीच्या वर्षी किंचित खाली. मी तसं सांगितलं. मुलगी खूश झाली. बापाचा चेहरा पडला.

"काठावर म्हंजे पडते," काका म्हणाले.

"काठावर म्हणजे उभी आहे, काका."

आता इथे मागणी कशी भरतात ते सांगायला हवं. मोबाइलवरच भरायची असते. कुठलं कॉलेज, कुठला विषय, हे आपल्या आवडीच्या क्रमानं लावायचं. सगळ्यात हवंसं सगळ्यात वर. तुमची पाळी आली की मशीन तुमची पहिली मागणी बघते. तिथे जागा असेल तर दिली, नसेल तर दुसरी बघते, मग तिसरी. वर मोठं काही मागितलं म्हणून खालचं जात नाही, शिक्षा नाही, दंड नाही. पण एकदा पहिली मागणी पुरी झाली की खेळ खल्लास. पुढच्या फेरीत वर सरकायला वर काही उरतच नाही.

प्रांजलनं जिऑलॉजी वर लावली होती. काकांनी मोबाइल घेतला आणि कुठल्याशा कोपऱ्यातल्या कॉलेजातला, त्यांना धड नावही घेता येईना असा एक बी.ए.चा कोर्स अंगठ्यानं ओढून सगळ्यात वर आणला.

"हे लागतेच," ते म्हणाले.

"लागेलच. म्हणूनच वर नको."

"कावून नको?"

मी समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "मॅडम, तुमाले क्वार्टरचं माहीत नाही."

आमच्याकडे प्लांटच्या टाउनशिपमध्ये माणसाचं घर त्याच्या ग्रेडवर ठरतं. ज्या ग्रेडला जे क्वार्टर, त्यासाठीच अर्ज करायचा. त्यावरचं मागितलं तर अर्ज बसत नाही, आणि मग पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. काकांनी तरुणपणी एकदा वरच्या टाइपचं क्वार्टर मागितलं होतं, लग्न ठरलं होतं म्हणून. त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेल्या एकानं गुमान लहान मागितलं. तो आठवड्यात सामान घेऊन राहायला गेला. काकांनी लग्नानंतरची दोन वर्षं साळ्याच्या घरी काढली. त्या दोन वर्षांत साळ्यानं जे ऐकवलं त्यातून काकांनी आयुष्याचं एकच तत्त्व काढलं: आपल्या पायरीचं मागावं, त्यापेक्षा थोडं खालचंच मागावं, म्हणजे हाती येतं. हे तत्त्व एकट्या हटवार काकांचं नाही. माझ्या टेबलावर येणारे प्लांटवाले बाप एकजात हेच करतात. कॉलेजची मागणी ते क्वार्टरच्या अर्जासारखी भरतात. नम्रपणे. आणि ही नम्रता त्यांच्या पोरांचा गळा कापते. (हे वाक्य पर्च्याचं झालं. राहू द्या.)

"बाबा, कंप्यूटर को बुरा नहीं लगता," प्रांजल म्हणाली.

"तुले काय माहीत? कंप्यूटर माणसानंच बनवला न? मंग माणसासारखाच राहीन."

मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

मग रोज तेच. दुपारी पोरगी जिऑलॉजी वर नेई, संध्याकाळी बाप ते 'पक्कं' वर आणी. मोबाइल बापाचा, त्यामुळे शेवटचा अंगठा त्याचा. काका शिफ्ट संपली की टेबलावर येत, मी समजावी, ते "बरोबर आहे मॅडम, बरोबर आहे" म्हणत आणि घरी जाऊन स्वतःचंच करत. भांडणारा माणूस मला आवडतो, त्याला पकडता येतं. हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? शेवटी मी खास त्यांच्यासाठी पर्चा लिहिला, हिंदीत, मोठ्या अक्षरात: 'क्वार्टर और कॉलेज में फ़र्क'. पहिल्या ओळीत लुटणारा कोण हे लिहायला गेले तर जमेना, कारण इथे बाप स्वतःच स्वतःला लुटत होता. तरी लिहिला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मन लावून वाचला, नीट घडी केली आणि त्यावर समोसा ठेवून खाल्ला. तेलानं माझी अक्षरं आरपार दिसू लागली.

मागणी बंद व्हायला एक दिवस उरला होता. त्या तेलकट कागदाकडे बघता बघता मी साहू भैयाला विचारलं, "भैया, समोसे कितने बचे हैं?"

"तीन। का होगे?" (काय झालं, हे त्याचं छत्तीसगढीत.)

"और आलूगुंडा?"

"दो। बिस्कुट जितना चाहिए।"

मी हॉटेलातल्या सगळ्यांना थांबवलं. सहा जण होते: टेबलावर आलेले दोन म्हातारे, एक मास्तर, हटवार काका, आणि कोचिंगहून निघालेली दोन पोरं. म्हटलं, आज फुकट खाऊ. पण प्रत्येकानं चिठ्ठीवर तिन्ही पदार्थ आपल्या क्रमानं लिहायचे, एकमेकांना न दाखवता. वयानं मोठा तो पहिल्या नंबरचा, हीच आपली मेरिट. साहू भैया मशीन. तो एकेक चिठ्ठी उघडेल, वरची वस्तू शिल्लक असेल तर देईल, नसेल तर खालची.

फुकट म्हटल्यावर सगळे गंभीर झाले. काकांचा नंबर चौथा. त्यांनी कागद तळहाताआड धरून लिहिलं.

पहिल्या म्हाताऱ्याला शुगर, तळलेलं बंद. त्यानं बिस्कुट वर लिहिलं होतं. दुसऱ्याच्या पोटात गॅस. तोही बिस्कुटवाला. मास्तरांनी समोसा घेतला. मग साहू भैयानं काकांची चिठ्ठी उघडली, वाचली, आणि मशीनला न शोभणारा चेहरा केला.

"काका, आपको बिस्कुट।"

"हो," काका म्हणाले आणि समाधानानं बिस्कुट घेतलं. मग त्यांची नजर ताटलीवर गेली. ताटलीत दोन समोसे होते. त्यांच्या मागचा नंबर असलेल्या पोरानं एक उचलला. त्याच्याही मागच्यानं दुसरा.

"अरे! हा तर माह्या मागं होता न!"

"हो काका," मी म्हटलं.

"मंग ह्याले समोसा अन् मले बिस्कुट, हे कसं?"

"तुम्ही काय मागितलं?"

"मी बिस्कुट मांगतलं. मले वाटलं, तीनच तर समोसे, वरचे तिघं खाऊन टाकतीन. माह्या नंबरापर्यंत कायले राहीन?"

"कोणी सांगितलं तुम्हाला, वरचे काय मागणार आहेत ते?"

"कोणीच नाही."

"काका, समोसा तो रखा ही था," साहू भैया म्हणाला. "आप बोले ही नहीं।"

"मंग आता दे."

"समोसा गया। राउंड खतम।"

दोन्ही पोरं खाऊन बोटं चाटत होती. काकांनी बिस्कुट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं. ते कपात बघत बसले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि प्रांजलला हाक मारली. ती बाहेर मैत्रिणीशी बोलत उभी होती.

"पोरी, बस इथं. तुह्यं थे दगडाचं वर कर."

प्रांजलनं माझ्याकडे बघितलं. मी साहू भैयाकडे बोट दाखवलं. तिनं जिऑलॉजी वर नेली, तिला हवं होतं त्या क्रमानं, आणि 'पक्कं' तळाला गेलं.

"याच्याहून वरचं काही आहे का?" काकांनी विचारलं. "दिल्लीत या विषयाचं सगळ्यात मोठं?"

प्रांजल चाचरली. "है एक। पर बाबा, मेरे मार्क्स वहाँ के लिए बहुत कम हैं।"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं तेच सांगितलं. "लांब आहे, काका."

"लांब म्हंजे नाही, असं तर नाही न?"

"नाही असं नाही."

"मंग टाक सगळ्यात वर. आपल्याले काय माहीत, वरचे काय मांगून राहिले?"

पहिली यादी लागली त्या दिवशी मी ट्यूशन घेत होते. फोन आला. काका "मॅडम" एवढंच म्हणाले. मग प्रांजलनं फोन घेतला. "ताई, वो सबसे नीचे वाला लगा है। बाबा का पक्का वाला।"

टेबलावर भेटलो. हे होऊ शकतं, पहिल्या फेरीत वरचे लोक जागा अडवून बसलेले असतात, मग कुणी सोडतो, कुणी दुसरीकडे जातो. आता त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. मिळालं ते घेऊन दार लावायचं, नाहीतर मिळालं ते हाती ठेवून पुढच्या फेरीत वर सरकायला उभं राहायचं. तेच 'पक्कं' आधीसारखं वर असतं तर दुसरा रस्ता उरलाच नसता. हे मला सांगावं लागलं नाही. काकांनीच पोरीला सांगितलं, साळ्याच्या घरची दोन वर्षं आवाजात आणून.

"एक विचारतो," ते मला म्हणाले. "वरचं मांगतलं अन् नाही भेटलं, तर हे हातचं जाईन का?"

"नाही जाणार."

"लिहून देता?"

"देते."

"राहू द्या. तुमचा कागद तेल बहुत पिते." आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं 'अपग्रेड'वर दाबलं. रोज टनावारी पोलाद डोक्यावरून नेणारा माणूस, पण तेवढं दाबण्याआधी त्यांनी अंगठा शर्टाला दोनदा पुसला होता.

मधल्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, ते माझेही वाईट गेले. काका दिवसातून दोनदा येत, एकदा शिफ्टच्या आधी, एकदा नंतर, आणि काही न विचारता चहा पिऊन जात. साहू भैयानं त्यांच्याकडून पैसे घेणं बंद केलं. त्याच्यासारख्या माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या यादीच्या दिवशी प्रांजल पळतच आली, बाप चार पावलं मागे, सेफ्टी बुटांत पळता येत नाही.

"ताई, हो गया! जिऑलॉजी! वही, जो मैंने ऊपर रखा था!"

मी ओरडले. ओसरीतले सगळेच ओरडले, ज्यांना जिऑलॉजी काय ते माहीत नाही तेही. साहू भैयानं आतून ओरडून विचारलं, "दगड वाला?" आणि गरम समोश्यांचा घाणा तसाच टाकून बाहेर आला. प्रांजल हसतही होती, रडतही होती, आणि कुणालातरी फोन करून सांगत होती की अरे, समुद्र था वहाँ, था, मैं साबित करूँगी.

हटवार काका हसत नव्हते. ते खुर्ची ओढून बसले, टोपी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वाकले.

"थे सगळ्यात वरचं कावून नाही लागलं?"

मी जरा गडबडले. "मार्क कमी पडले, काका. ते लांबच होतं."

"कोणापेक्षा कमी?"

"ज्यांना लागलं त्यांच्यापेक्षा."

"ज्यायले लागलं त्यायले शिकवाले किती जण होते? हिले तर कोणीच नव्हतं. शाळेत दोन वर्षं जिऑलॉजी सोडा, फिजिक्सले मास्तर नव्हता. इंटरनेटवर पाहून शिकली, माह्या फोनवर, मी झोपलो की. थे कुठी मोजते तुमची मशीन?"

ही सगळी माझी वाक्यं होती. वर्षानुवर्षं मी ती पर्च्यात लिहीत आले, चौकात वाटत आले, लोक त्यावर समोसे ठेवत आले. पण माझ्या तोंडून ती कधी अशी निघाली नव्हती. मला खरं उत्तर माहीत होतं: कुठेच मोजत नाही. ते मी लगेच दिलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर स्वतःच्या पायरीखालचं मागितलं, तो पहिल्यांदा वरचं का नाही म्हणून भांडायला बसला होता, आणि त्याला घाईनं गप्प करायला मी काही कोचिंगवाली नाही.

प्रांजल मागून आली, बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, बस ना. मिल गया ना मुझे."

काकांनी तो हात थोपटला, पण मान माझ्याकडून वळवली नाही.

"तुले भेटलं, चांगलं झालं," ते म्हणाले. "तू जाय दिल्लीले. मी जे विचारून राहिलो, थे मले विचारू दे."